आधी कार्ड दाखवा

कारवान जातीचा शिकारी कुत्रा पाळणारा माणूस भेटला की चहा यायच्या आत त्याच्या कुत्र्याची वंशावळ सांगून होते. बाप कुठल्या वाडीचा, आई कुणाच्या दारातली, तिच्या आईनं कुठल्या माळावर ससा कसा गाठला होता, सगळं तोंडपाठ असतं. मग मी विचारतो, "लसी कुठवर आल्यात? कार्ड आणलंय का?" कार्ड नसतंच. उत्तर मात्र तयार असतं: "डॉक्टर, ही शिकारी जात हाय. हिला काय लागत न्हाई."

जत, सांगोला, मंगळवेढा या कोरडवाहू पट्ट्यात मी जनावरांची डॉक्टरकी करतो. हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. साप, रस्त्यावरचे ट्रक आणि विहिरी मिळून जेवढी कारवानची पिल्लं मारत नसतील तेवढी या एका वाक्यानं मारली आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि हे वाक्य बोलणारे अडाणी नाहीत. त्यांच्याकडे द्राक्षबागा आहेत, डाळिंबाच्या एकेका झाडाला कोणत्या तारखेला कोणतं औषध मारायचं याच्या वह्या आहेत, गाईचा विमा आहे. फक्त ज्या कुत्र्याच्या नावानं ते गावभर मिरवतात त्याच्यासाठी चार वेळा दवाखान्याची पायरी चढणं त्यांना जड जातं.

जातीचा अभिमान मला समजतो, कारण तो मलाही आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी या कुत्र्यांना आश्रय दिला, मालोजीराव घोरपड्यांनी इंग्लंडच्या राजाला जोडी भेट दिली, हे इथल्या पोरासोरांनाही माहीत असतं. २००५ साली टपाल खात्यानं 'मुधोळ हाउंड' या नावानं याच कुत्र्याचं तिकीट काढलं. लष्करानं मेरठच्या केंद्रात या जातीची पिल्लं नेऊन त्यांना शिकवलं. २०२०च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये नाव घेतलं आणि मग पुण्या-मुंबईहून पिल्लांसाठी माणसं येऊ लागली. पण लष्करातल्या कुत्र्याला वेळच्या वेळी लस टोचली जाते, जंताचं औषध दिलं जातं, त्याची नोंद ठेवली जाते. नाव सांगताना लष्कराचं सांगायचं आणि सांभाळताना मात्र 'देवाच्या भरवशावर' म्हणायचं, हा दुटप्पीपणा आता बास झाला.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा युक्तिवाद आज्याचा. "आमच्या आज्याकडं धा-बारा कुत्री हुती, एकालाबी सुई लागली न्हाई." खरं आहे, लागली नव्हती. पण आज्याच्या उमेदीत पार्व्हो हा रोगच कुत्र्यांना नव्हता. हा विषाणू कुत्र्यांत रोग म्हणून ओळखला गेला १९७८ साली, आणि दोन-एक वर्षांत तो जगभर पसरला. ज्या रोगाशी आज्याची गाठच पडली नाही त्याविरुद्ध आज्याचा दाखला चालत नाही. डिस्टेंपर हा दुसरा रोग मात्र तेव्हाही होता आणि त्यानं पिल्लं मरतही होती. वेतात आठ झाली, पावसाळा सरेपर्यंत तीन उरली, हे त्या काळी कुणाला वावगं वाटत नव्हतं. मेलेली पाच उकिरड्याच्या कडेला पुरायची, विसरून जायची आणि उरलेल्या तिघांकडे बोट दाखवून जात कणखर असल्याचं सांगायचं, असा तो हिशेब होता. कणखरपणाचा हा सगळा पुरावा जगलेल्यांचा आहे. मेलेल्यांची नोंद कुणी ठेवलीच नाही, आजही कुणी ठेवत नाही.

पार्व्हो कसा मारतो ते एकदा जवळून बघा, मग माझ्याशी रक्ताच्या गोष्टी करा. दुपारी पिल्लू अंगणात खेळत असतं. संध्याकाळी दुधाला तोंड लावत नाही. रात्री उलट्या सुरू होतात, आधी दूध, मग पिवळं पाणी, मग नुसता फेस. पहाटे रक्ताची हगवण. त्या हगवणीला गोडसर कुजका वास असतो, दवाखान्याच्या दारातून कळतो. हिरड्या पांढऱ्याफटक पडतात, कान आणि पंजे गार लागतात, डोळे आत जातात. अंगात जिथे पेशी झपाट्यानं वाढतात तिथे हा विषाणू हल्ला करतो, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर आणि हाडाच्या मगजात. आतडं आतून सोलून निघतं आणि रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही त्याच वेळी संपतात. या विषाणूला मारणारं, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारं औषध नाही. सलाइन लावायचं, उलटी थांबवायची, दुसरा जंतुसंसर्ग आवरायचा आणि पिल्लाचं शरीर तग धरतंय का ते बघत बसायचं.

मध्यंतरी असंच एक पिल्लू आलं. साधारण दीड महिन्याचं, पंधरा-वीस हजारांना घेतलेलं, पोत्यावर निजवून मोटारसायकलीवरून आणलेलं. शीर सापडेना इतकं सुकलेलं. बरोबर मालकाचा मुलगा होता, त्याच्या हातात पिल्लासाठी आणलेला घुंगरांचा नवा पट्टा होता. मालक सांगत होता, "इकणाऱ्याला फोन केला हुता, डॉक्टरसाहेब. त्यो म्हणला दही-भात द्या, पोट लागलंय, बसंल दोन दिसांत." दोन दिवस त्यात गेले. रात्री ते पिल्लू गेलं. त्याची भावंडं कुठे कुठे गेली आहेत ते विचारून मी मालकाला तिथूनच फोन करायला लावले. आणखी दोन घरांत तीच हगवण सुरू होती. विकणाऱ्यानं पहिली लस टोचली असती आणि पुढच्या दोन कधी ते घेणाऱ्याला लिहून दिलं असतं, तर खर्च काही शे रुपयांचा होता. पंधरा-वीस हजार मोजून घेणाऱ्यालाही तो जड नव्हता. त्या पोरानं जाताना पट्टा टेबलावर ठेवला. मी तो त्याच्या बापाला परत दिला आणि सांगितलं की निदान वर्षभर त्या अंगणात लस न झालेलं पिल्लू आणू नका.

त्यांनी काय केलं असेल ते मला माहीत आहे, कारण सगळे तेच करतात. अंगणात फिनेल शिंपडतात आणि पंधरा दिवसांत नवं पिल्लू आणतात. फिनेलनं पार्व्हो मरत नाही. डेटॉलनं मरत नाही, हाताला लावायच्या सॅनिटायझरनंही मरत नाही. सावलीतल्या मातीत हा विषाणू महिनोन्‌महिने टिकतो, चपलेला लागून घराघरांत जातो. फरशी असेल तर आधी घाण साफ धुवून मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी टाकून दहा मिनिटं ठेवलं तर तो मरतो. शेणामातीच्या अंगणात ब्लीचही फारसं चालत नाही. तिथे एकच उपाय उरतो, लसींचा पूर्ण क्रम झाल्याशिवाय पिल्लाला त्या मातीवर पाय ठेवू द्यायचा नाही.

आता 'एक सुई दिली हुती की' म्हणणाऱ्यांकडे वळतो. हे पहिल्या गटापेक्षा जास्त नुकसान करतात, कारण यांना वाटतं आपलं कर्तव्य झालं. एक सुई का पुरत नाही ते नीट समजून घ्या. पिल्लू जन्मल्यावर पहिल्या दिवसात आईच्या चिकातून तयार संरक्षण पितं. आईच्या अंगात जेवढं असेल तेवढं तिच्या पिल्लाला मिळतं. हे आयतं संरक्षण पहिले काही आठवडे पिल्लाला वाचवतं, पण तेच लसीलाही निकामी करतं. लसीतला कमजोर विषाणू आत गेला की आईचं संरक्षण त्याला तिथेच संपवतं, पिल्लाचं शरीर स्वतः काही शिकतच नाही. हे आयतं संरक्षण ओसरतं कधी? एकाच वेतातल्या एका पिल्लात सहाव्या आठवड्याला, दुसऱ्यात बाराव्याला, तिसऱ्यात त्याच्याही पुढे. बाहेरून बघून कुणालाच कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांना पहिली, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढची आणि शेवटची सोळा आठवडे पुरे झाल्यावर, असा क्रम असतो. त्यातली नेमकी कुठली सुई कुठल्या पिल्लाला लागू पडेल ते सांगता येत नाही, म्हणून सगळ्या द्याव्या लागतात. दीड महिन्याला एक टोचली आणि थांबलात तर बऱ्याच पिल्लांच्या बाबतीत तुम्ही काहीच दिलेलं नाही.

याच अर्धवट माहितीतून दुसरी अफवा निघते: लस दिली आणि तिसऱ्या दिवशी पिल्लू मेलं, म्हणजे लसीनंच मेलं. पार्व्होचा विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, कधी जास्तही. शेजारचं कुत्रं मेल्यावर घाबरून तुम्ही धावत येता, तेव्हा तुमच्या पिल्लाच्या अंगात रोग आधीच शिरलेला असतो. त्या दिवशी टोचलेली लस त्याला वाचवू शकत नाही. लसीचा खरा त्रास क्वचित होतो, तोंड सुजतं, अंगावर गांधी उठतात, धाप लागते. म्हणून सुईनंतर अर्धा तास दवाखान्यात थांबा असं मी सांगतो. एखाददुसरा दिवस पिल्लू मलूल राहतं, तेवढे दिवस त्याला पळवू नका.

आणि 'लसीनं धार जाते, नाक मरतं' ही थाप कुणी पसरवली त्याला माझ्यासमोर आणा. धार घालवतो तो डिस्टेंपर. त्यातून वाचलेलं कुत्रं मी दाखवतो: पंजाच्या गाद्या कडक झालेल्या, दातांवरचं आवरण खवलं गेलेलं, झोपेतही एक पाय सारखा झटके देतोय. मज्जासंस्थेत रोग शिरला की जबडा चावल्यासारखा हलत राहतो, फिट येतात. बरीच मरतात, वाचतात त्यांतली काही आयुष्यभर थरथरत राहतात. ज्या कुत्र्याचा वेग त्याच्या मालकाला मान मिळवून देतो त्याच कुत्र्याला सरळ चालता येत नाही, हे बघायचं असेल तर लस चुकवा.

माझ्या व्यवसायातल्या लोकांनाही मी सोडणार नाही. लस दोन ते आठ अंश तापमानात राहायला हवी. इथे ती दुकानातून कागदात गुंडाळून खिशातून येते, उन्हात डिकीत फिरते, वीज गेलेल्या फ्रिजमध्ये रात्र काढते. रेबीजची लस बर्फाच्या खणात गोठली तरी वाया जाते, हेही अनेकांना ठाऊक नसतं. ज्याला पिल्लू तपासताही येत नाही असा माणूस ती टोचतो, ताप बघत नाही, जंतानं पोट फुगलंय हे बघत नाही, कार्डावर तारीख टाकून पैसे घेतो. बाटलीवर कंपनीचं एक चिकटचिठ्ठी लेबल असतं, त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते. ते सोलून कार्डावर चिकटवणं आणि खाली डॉक्टरची सही असणं ही साधी अट आहे. लेबल नसलेलं कार्ड मी कार्ड मानत नाही, तुम्हीही मानू नका. दुसरीकडे, पहिल्या वर्षीचा बूस्टर झाल्यावर डिस्टेंपर आणि पार्व्होची लस दर वर्षी टोचायची गरज नसते, तीन वर्षांनी चालते, असं जगभरच्या लहान प्राण्यांच्या डॉक्टरांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे लेप्टोची, मात्र दर वर्षी लागते. रेबीजचीही आपल्याकडे दर वर्षी देणंच शहाणपणाचं. हे गिऱ्हाइकाला न सांगता दर साली सगळं टोचणारे डॉक्टर लोकांचा विश्वास घालवतात, आणि तो गेला की माणसं गरजेच्या लसीलाही येत नाहीत. आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी ध्यानात ठेवावी. कारवानसारख्या सडपातळ बांध्याच्या कुत्र्यांच्या अंगात चरबी नावालाच असते, थायोपेंटोनची भूल त्यांना फार उशिरा उतरते. लॅब्रॅडॉरच्या वजनाच्या हिशेबानं भूल देऊ नका.

लेप्टोचा उल्लेख आला म्हणून सांगतो. कॅनॉलचं पाणी आल्यापासून आमच्याकडे ऊस वाढला, उसात उंदीर वाढले. उंदराच्या मुतातून हा जंतू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात येतो. पळून दमलेलं कुत्रं पहिलं तोंड घालतं ते पाटाच्या डबक्यात. मग ताप, कावीळ, मूत्रपिंडं निकामी. आणि त्या कुत्र्याचं मूत धुणाऱ्या माणसालाही तोच रोग होतो.

जंतांबद्दल तर बोलायलाच नको अशी स्थिती आहे. गोल जंत पिल्लाला आईच्या पोटातच होतात, पिल्लू जंत घेऊनच जन्मतं. म्हणून औषध दुसऱ्या आठवड्यापासून, दर दोन आठवड्यांनी, आठव्या आठवड्यापर्यंत द्यायचं आणि पुढे सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला. लोक आणतात तीन महिन्यांनी, पोट नगाऱ्यासारखं झाल्यावर, आणि म्हणतात खुराक चांगला आहे. त्या जंतांची अंडी अंगणातल्या मातीत पडतात. त्याच मातीत तुमचं लेकरू खेळतं, हात तोंडात घालतं. अळ्या लेकराच्या यकृतात जातात, क्वचित डोळ्यात जातात आणि त्या डोळ्याची नजर जाते. अंकुशकृमी रक्त पितात. हिरड्या फिक्या पडलेल्या पिल्लाला पळवून 'दम न्हाई याच्यात' म्हणणाऱ्या मालकांनी आधी त्याची विष्ठा तपासून घ्यावी.

त्याहून वाईट सवय म्हणजे बोकड कापला की त्याची फुप्फुसं, काळीज, आतडी कुत्र्यापुढे कच्चीच टाकणं. "शिकारी कुत्र्याला कच्चं मांस पायजेच." शेळ्या-मेंढ्यांच्या फुप्फुसात आणि काळजात पाण्याच्या गाठी असतात, तुम्ही त्या कापताना पाहिल्या आहेत. त्या गाठी एका बारीक पट्टकृमीच्या अळ्यांच्या असतात. कुत्र्यानं त्या खाल्ल्या की त्याच्या आतड्यात तो कृमी मोठा होतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडून कुत्र्याच्या केसांना चिकटतात आणि कुत्र्याला कुरवाळणाऱ्याच्या तोंडात जातात. मग तशीच गाठ माणसाच्या काळजात वर्षानुवर्षं वाढत राहते आणि शेवटी ऑपरेशन करावं लागतं. मेंढरं आणि कुत्री एकत्र असणाऱ्या प्रत्येक वस्तीला हा धोका आहे. कुत्र्याला गाठींचं मांस मुळीच घालू नका, बाकीचं शिजवून घाला, प्राझिक्वांटेलची गोळी डॉक्टरला विचारून वेळेवर द्या. यात कसलंही अवघड शास्त्र नाही.

गोचीड मारायला शेतातलं फवारणीचं औषध कुत्र्याच्या अंगावर ओतणारे महाभाग मला दर उन्हाळ्यात भेटतात. कुत्रं लाळ गाळतं, अंग थरथरतं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास कोंडतो. कपाशीवरच्या किडीचं विष ते, कुत्र्याच्या नसांवरही तेच काम करतं. लूत झाली की गॅरेजमधलं जळकं ऑइल फासायचं हा दुसरा उद्योग. कुत्रं ते चाटतं, कातडीतूनही ते आत जातं, वर उन्हात कातडी भाजते. लुतीला आणि गोचिडीला आज चांगल्या गोळ्या आहेत, मानेवर घालायचे थेंब आहेत. गोचीड नुसतं रक्त पीत नाही, ती अंगात एर्लिकिया आणि बॅबेसिया हे रोगजंतू सोडते. नाकातून रक्त येऊ लागलं की लोक म्हणतात उष्णता झाली, कांदा बांधतात. रक्तातल्या गुठळी करणाऱ्या पेशी घटलेल्या असतात म्हणून ते रक्त येतं. डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे द्यावं लागतं, आणि पाचव्या दिवशी कुत्रं जेवायला लागलं की मालक गोळ्या बंद करतो. शिवाय कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्यापेक्षा कितीतरी जास्त गोचिडी गोठ्याच्या भिंतीच्या भेगांत अंडी घालून बसलेल्या असतात. भेगा लिंपल्याशिवाय आणि जागा साफ केल्याशिवाय सगळं औषध फुकट जातं.

रेबीजबद्दल मी आवाज चढवूनच बोलणार. रानात फिरणाऱ्या कुत्र्याची गाठ कोल्ह्याशी पडते, मुंगसाशी पडते, गावाबाहेरच्या मोकाट कुत्र्यांशी पडते. नाकावर एक ओरखडा घेऊन ते घरी येतं, कुणाला दिसतही नाही, आणि रात्री ते पोरांच्या खाटेखाली झोपतं. लक्षणं काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी दिसतात. एकदा दिसली की कुत्रंही वाचत नाही आणि माणूसही. जगात रेबीजनं मरणाऱ्या माणसांपैकी सुमारे ३६ टक्के माणसं भारतातली असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे सगळे मृत्यू टाळता येणारे आहेत. शेजारच्या गोव्यानं ते करून दाखवलं: राज्यभर कुत्र्यांना लसी टोचल्या, शाळांत मुलांना शिकवलं, संशयित कुत्र्यांची तपासणी केली. २०१८पासून सलग तीन वर्षं तिथे माणसाचा एकही रेबीज-मृत्यू झाला नाही आणि २०२१ साली ते देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते. त्या ७० टक्क्यांत सगळ्यात सहज येऊ शकणारं कुत्रं म्हणजे मालक असलेलं, पट्ट्यात बांधलेलं, वंशावळ तोंडपाठ असलेलं कुत्रं. तेच तुम्ही लसीविना ठेवता. तिसऱ्या महिन्याला रेबीजची सुई, मग दर वर्षी. चावा झालाच तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि थेट सरकारी दवाखाना गाठायचा. चुना, मिरची, हळद जखमेत भरायची नाही, मांत्रिकाकडे जायचं नाही.

सशाची शिकार हा विषय मी टाळत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती गुन्हा आहे आणि असायलाच हवी. पण कायदा पाळणाऱ्याचंही कुत्रं माळावर पळतंच, आणि ते तिथे काय सोडून येतं याचा विचार कुणी करत नाही. सोलापूरजवळ नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात अभ्यासकांनी गावकुत्र्यांचं आणि खोकडांचं रक्त तपासलं, तेव्हा कुत्र्यांत पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या संसर्गाच्या खुणा सर्रास सापडल्या. त्याच माळावर आपले लांडगे राहतात, उरलेसुरले. २०१८च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गीरच्या एका भागात वीसहून जास्त सिंह दगावले आणि तपासणीत डिस्टेंपरचा विषाणू निघाला. त्याआधी १९९४ साली आफ्रिकेत सेरेंगेटीत याच विषाणूनं सुमारे हजार सिंह मारले, तिथल्या सिंहांपैकी जवळपास एक तृतीयांश. आसपासच्या वस्त्यांतल्या कुत्र्यांना तेव्हा हा रोग होता. माळाचं प्रेम सांगणाऱ्या आणि लस न टोचलेलं कुत्रं माळावर सोडणाऱ्या माणसाचं ते प्रेम मला मान्य नाही.

विकणाऱ्यांनो, तुम्हाला वेगळं सांगतो. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांबद्दलचे केंद्राचे नियम २०१७ साली आले. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, विकताना लसी आणि जंताचं औषध झालेलं असावं लागतं, नोंद ठेवावी लागते. तुम्ही पंचवीस-तीस दिवसांचं पिल्लू आईपासून तोडून बॉक्समध्ये घालून एसटीच्या टपावर देता, कारण आणखी महिनाभराचं दूध आणि दोन लसी वाचतात. त्याचं मरण घेणाऱ्याच्या अंगणात होतं, म्हणून तुमचं नाव खराब होत नाही. घेणाऱ्यांनी तरी ही चाल ओळखावी. आई बघा, तिचं कार्ड बघा, पिल्लाचं कार्ड बघा, त्यावर लेबल आहे का बघा, मगच पैसे काढा. कार्ड नाही तर पिल्लू नाही, बाप कुठल्या का वाडीचा असेना.

आणि यात्रा कमिट्यांना. जत्रेत श्वान शर्यती भरतात, पाच-सात तालुक्यांतली कुत्री एका पटांगणात येतात, एकाच बादलीत पाणी पितात, एकमेकांची विष्ठा हुंगतात. प्रवेश फी घेताना तुम्ही मालकाचं नाव लिहिता, कुत्र्याचं नाव लिहिता, बक्षिसाच्या ढाली आधीच मांडून ठेवता. येत्या हंगामात त्या टेबलावर आणखी एक माणूस बसवा. त्यानं फक्त कार्ड बघायचं: रेबीजची सुई वर्षाच्या आतली आहे का, डिस्टेंपर-पार्व्होचा क्रम पूर्ण आहे का. नसेल तर कुत्रं गाडीतून खाली उतरवू द्यायचं नाही, मालक सरपंच असला तरी. सकाळी सहा वाजता मी माझा फ्रिज घेऊन मैदानाच्या बाहेर बसायला तयार आहे, माझी फी नको. पण लक्षात ठेवा, सकाळी टोचलेल्या सुईवर दुपारी पळता येणार नाही. त्या कुत्र्यानं पुढच्या वर्षी यावं.